क्वान-जेची तोंडं धुण्याची मोहीम

निम्मी वाट सरली होती आणि क्वान-जेचा विषय अजून तोच होता: हल्लीच्या पोरांची तोंडं.

ताय पोच्या बाजारापासून ताय मेय तुकच्या धरणापर्यंत खाडीच्या कडेकडेनं चालत जायला आम्हाला अडीच तास लागतात. दर रविवारी जातो. पहिला तासभर क्वान-जे गुडघ्यांबद्दल बोलते, मग सुनेबद्दल, आणि धरण दिसू लागलं की गप्प होऊन वारा खाते. त्या रविवारी गुडघेही नाहीत आणि सूनही नाही. हातात थर्मास, गळ्यात टॉवेल, डोक्यावर पुढे चोच असलेली टोपी आणि तोंडात पोरं.

"तुला सांगते, आ-सू." माझं नाव सुमन. बावीस वर्षांच्या शेजारात क्वान-जेनं त्यातलं अर्धंच वापरलंय, उरलेलं जपून ठेवलं असावं. "पूर्वी असलं बोलायचे ते कोण? कोळी, हमाल, फार तर मिनीबसचे ड्रायव्हर. राबणारी माणसं. आता ही कार्टी! गणवेश घालून! आणि एका भाषेत भागत नाही यांचं, दोन लागतात."

एवढ्यात मागून घंटी वाजली. भाड्याच्या सायकलींवरून चौघंजण आमच्या शेजारून गेले आणि दहा पावलांवर सगळ्यांत पुढच्या मुलीची साखळी निसटली. सायकल डगमगली, मागचा तिच्यावर आदळला, त्याच्या मागचा गवतात गेला. पहिलीनं कँटनीज शब्द काढला, दुसऱ्यानं इंग्रजी, आणि तिसऱ्यानं दोन्ही भाषांचा मान राखून दोन्ही एका दमात काढले. मुलांना लहानपणापासून दोन भाषा शिकवण्याचा एवढा आटापिटा चालतो, तो अगदीच वाया जात नाही, याची अशी रस्त्यात कधीमधी खात्री पटते.

इंग्रजी शब्द सगळ्या जगाला माहीत आहे. कँटनीज मी इथे लिहिणार नाही, संध्याकाळी ज्या हातानं दिवा लावायचा त्याच हातानं तो लिहवत नाही. त्याच्या जागी 'फलाणं' लिहिते. वाचणाऱ्यानं आपापल्या गावचा घालून घ्यावा, कुठल्याच गावाला कमी पडणार नाही.

क्वान-जे कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ए पोरांनो! ही काय फलाणी तोंडं आहेत का गटारं? देवानं एवढी फलाणी सुंदर सकाळ दिलीय आणि तुमच्या जिभेवर काय, तर शिव्या! फलाणी लाज म्हणून काही आहे की नाही?"

साखळी बसवायला वाकलेल्या मुलीनं मान वर केली. जांभळे केस, नाकात चमकी, हात ग्रीसनं काळे. ती आमच्याच वसाहतीतली निघाली. आ-यिन, फोंगांची, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आणि मागचे तिघे म्हणजे आमच्या इमारतीखालच्या सिमेंटच्या बाकांवर रोज संध्याकाळी बसणारं टोळकंच. क्वान-जेनं ज्यांच्याविरुद्ध गेले पाच दिवस युद्ध पुकारलं होतं, तो शत्रू सुटीच्या दिवशी सायकली भाड्यानं घेऊन तिच्यासमोर हजर झाला होता.

"जो-सान, क्वान-जे," आ-यिननं अगदी शिस्तीत सुप्रभात केलं. "आम्ही एकेकदाच म्हणालो. तुम्ही तीनदा."

"काय तीनदा?"

"फलाणं."

"मी? कधी?"

"तोंडाला एकदा, सकाळीला एकदा, लाजेला एकदा."

क्वान-जे माझ्याकडे वळली. "आ-सू, मी म्हणाले?"

खाडीच्या चिखलात एक बगळा एका पायावर उभा होता. मी त्याच्याकडे फार बारकाईनं पाहू लागले.

हे युद्ध कसं पेटलं ते सांगायला हवं, नाहीतर क्वान-जेवर अन्याय होईल.

मोक सौ-क्वान, म्हणजे सगळ्यांची क्वान-जे, क्वानताई, होडीवर जन्मली. बाप मासे पकडायचा, आई जाळी विणायची आणि पोरगी पाण्यात पडू नये म्हणून तिच्या कमरेला दोरी बांधायची. शाळेची पायरी तिनं चढली ती थेट मुलाला पहिलीत घालायला. लग्न होऊन जमिनीवर आली आणि बाजाराच्या तळमजल्यावर, मासळी ताजी दिसावी म्हणून लावतात त्या लाल दिव्यांच्या खाली, एकतीस वर्षं मासे विकले. नवरा अर्ध्या वाटेवर गेला. मुलगा, विंग-चीत त्याचं नाव, शिकला, लिफ्टच्या कंपनीत साहेब झाला. त्यानं पुई-शानशी लग्न केलं, ती बँकेत. दोघं शेजारच्या इमारतीत राहतात. नात झाली, तिचं नाव हेय-लाम, आणि ज्या महिन्यात ती झाली त्याच महिन्यात क्वान-जेनं दुकान दुसऱ्याला दिलं. सकाळी साडेसातला पोरगी तिच्याकडे येते, संध्याकाळी सातला जाते. मधले साडेअकरा तास हे क्वान-जेचं आयुष्य. उरलेले साडेबारा तास ती साडेसात वाजायची वाट पाहते.

आता तिचं तोंड. मला त्यात शिवी कधी ऐकूच आली नाही, कारण ती रागानं यायचीच नाही. फोडणीत हिंग पडावा तसा तो शब्द प्रत्येक वाक्यात पडायचा. दुकानात आणि दुकान सुटल्यावर घरच्या ओट्यावरही, सुरा वर जाताना एकदा, खाली येताना एकदा. बर्फ वितळला की बर्फाला, ऊन पडलं की उन्हाला. तिन हाऊ ही समुद्राची देवी, तिच्यावर क्वान-जेची भारी श्रद्धा. पण उदबत्ती पेटेना की तिच्यासमोरसुद्धा. देवीनं कधी मनावर घेतलेलं दिसलं नाही. आणि सगळ्यांत जास्त नातीला. "किती फलाणी गोड ग माझी बाय!" असं म्हणून ती पोरीचे गाल चिमटीत धरायची, तेव्हा त्या शब्दाइतका मायेचा शब्द दुसऱ्या भाषेत असेल असं मला वाटायचं नाही.

हेय-लाम अडीच वर्षांची झाली आणि घरात मुलाखतीचं वारं शिरलं. बालवाडीची मुलाखत. पुई-शानच्या मनात जी बालवाडी आहे, तिथं अडीच वर्षांच्या मुलांना समोर बसवून दोन भाषांत प्रश्न विचारतात आणि आईवडील बाहेर बसून घाम पुसतात. त्यासाठी शिकवणीही असते. पोरीची जाडजूड फाईल तयार झाली. तिच्यात पोहण्याचं प्रमाणपत्र, चित्रकलेचं प्रमाणपत्र आणि 'नेतृत्वगुण' या विषयाचंही एक. ज्या पोरीला अजून दुपट्याशिवाय झोप येत नाही, ती नेतृत्व कुणाचं करते हे मी विचारलं नाही. विचारण्यासारखी हवाच नव्हती घरात.

गेल्या मंगळवारी शिकवणीत सराव मुलाखत झाली. बाईंनी माशाचं चित्र समोर धरलं आणि विचारलं, "हेय-लाम, हे काय आहे?"

हेय-लामनं उजवा हात उचलला, टेबलावर खाड्कन आपटला आणि स्पष्ट, खणखणीत उच्चारात तो शब्द म्हटला. हात वर नेताना पुन्हा म्हटला.

शिकवणीच्या बाई खुर्चीत मागं सरकल्या. दुसऱ्या एका आईनं आपल्या मुलाचे कान झाकले. पुई-शान पोरीला उचलून घरी आली आणि दारातच रडायला लागली. त्या संध्याकाळी कुटुंबाची बैठक बसली. एक लिफ्टवाला साहेब, एक बँकवाली, दोघांच्या मिळून तीन पदव्या. क्वान-जे धरून तिघांनी डोकं चालवून शोध लावला की हे खालच्या बाकांवरच्या पोरांचं काम. पोरगी आजीबरोबर येता-जाता ऐकते. चित्र माशाचं होतं आणि हात सुऱ्यासारखा आपटला होता, इकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. शिकल्या-सवरल्या माणसांचं लक्ष महत्त्वाच्या गोष्टींकडे असतं.

"आई," पुई-शान म्हणाली, "पुढच्या आठवड्यात शनिवारी खरी मुलाखत आहे. तोवर हे तिच्या तोंडातून गेलं नाही, तर मी तिला माझ्या आईकडे ठेवीन. शा तिनला. तिथं असली पोरं नाहीत."

पुई-शानची आई म्हणजे मादाम शुम, निवृत्त मुख्याध्यापिका. झुरळ मारायचं झालं तरी आधी 'माफ करा' म्हणणारी बाई. शा तिन काही लांब नाही, गाडीनं पाव तास. पण हेय-लाम तिकडे गेली की साडेसातला क्वान-जेच्या दाराची घंटी वाजणार नाही, हे सगळ्यांना कळत होतं. क्वान-जेला सगळ्यांत आधी कळलं.

तिनं दुसऱ्याच दिवशी मोहीम उघडली. संध्याकाळी बाकांपाशी जाऊन व्याख्यान दिलं. मग वसाहतीच्या कार्यालयात गेली. तिथला टायवाला मुलगा नवीन होता, नियमानं चालणारा. "नक्की कोणते शब्द वापरतात, बाई? नोंद करावी लागेल." क्वान-जेनं सांगितले. एकेक, सावकाश, त्याला लिहायला वेळ मिळेल असे, जोडशब्द आणि उपप्रकारांसकट. शेजारच्या खिडकीवरचा म्हातारा पाणीपट्टीचं काम सोडून ऐकत उभा राहिला. टायवाल्यानं घाम पुसत विचारलं, "अजून आहेत?" क्वान-जे म्हणाली, "ही फक्त बुधवारची यादी."

गुरुवारी भिंतीवर पाटी लागली: 'कृपया सार्वजनिक ठिकाणी सभ्य भाषा वापरा.' दोन भाषांत. शुक्रवारी तिच्याखाली दोन्ही भाषांत उत्तर आलं. मग कार्यालयानं बाकांभोवती दोरी बांधली आणि रखवालदार सहाच्या ठोक्याला पोरांना उठवू लागला. फोंगांच्या घरात पाच माणसं आणि एक खोली. आ-यिन अभ्यासाला जिन्यात बसू लागली. क्वान-जेला त्याचं थोडं वाईट वाटलं, पण थोडंच. शनिवार सहा दिवसांवर आला होता.

तर मी बगळ्याकडे पाहत होते.

"त्यांना नका विचारू," आ-यिन म्हणाली. "आंटी देवमाणूस आहेत, त्या सांगायच्या नाहीत. मला विचारा. माझी आई मला कडेवर घेऊन तुमच्या दुकानी यायची, आठवतं? तुम्ही मला कोळंबी धरायला द्यायचात."

"द्यायचे. चावली म्हणून रडायचीस."

"तेव्हाच शिकले की. तुम्ही सुरा मारायचात आणि म्हणायचात. मी पाच वर्षांची होईपर्यंत समजत होते की ते माशाचं नाव आहे. शाळेत बाईंनी विचारलं, काल रात्री काय जेवलीस? मी म्हटलं, फलाणं, आलं-कांदा घालून वाफवलेलं."

तिघं मित्र हसून सायकलींवर आडवे झाले. "माझंही तसंच!" गवतात पडलेला म्हणाला. "माझ्या आजोबांना मी विचारलं होतं, क्वान-जेकडचा फलाणा मोठा असतो का लहान?"

"इंग्रजी मात्र आमची आम्ही शिकलो हं," तिसरा म्हणाला. "ते श्रेय तुम्हाला नाही."

"सगळ्या वसाहतीला तुम्हीच शिकवलंत, क्वान-जे," आ-यिननं साखळी बसवून हात पँटला पुसले. "आमचं घराणंच तुमच्यापासून सुरू होतं. आणि तुम्ही आमचीच बाकं काढून घेतलीत."

ती हे चिडून म्हणाली नाही. चिडून म्हणाली असती तर क्वान-जेनं तिथंच तिला उभी चिरली असती. पण पोरगी हसत होती, आणि क्वान-जेचं तोंड उघडं होतं आणि त्यातून काहीच येत नव्हतं. बावीस वर्षांत मी हे पहिल्यांदा पाहिलं.

पोरं घंट्या वाजवत पुढे गेली. आम्ही चालू लागलो. 

"बाईंनी माशाचं चित्र दाखवलं होतं," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"पोरीनं हात आपटला होता."

"हो."

"तुला माहीत होतं?"

"होतं."

"कधीपासून?"

"तुझ्या शेजारी राहायला आले त्या दिवसापासून. तू दार उघडून मला म्हणालीस, 'किती फलाणं सामान आणलंयस!' आणि कपाट उचलायला हात लावलास."

"मग बावीस वर्षं बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुला माहीत आहे."

"मला कसं माहीत असणार? माझ्या कानाला मी ऐकू येते का?"

हे बरोबर होतं. माणसाला आपला श्वास ऐकू येत नाही, दुसरा घोरतो ते मात्र भिंतीपलीकडून कळतं. मी माझ्या मनात म्हटलं, माझ्याही तोंडात असं काय असेल जे बावीस वर्षं क्वान-जे ऐकतेय आणि बोलत नाही? पण हे तिला विचारायचं धाडस झालं नाही. ती सांगून मोकळी झाली असती.

"बरं," तिनं टोपी घट्ट केली. "आता बघ. धरणापर्यंत एकदासुद्धा नाही. जीभ माझी आहे ना? बघच."

आणि ती बोलायचा प्रयत्न करू लागली. तो ऐकवत नव्हता.

"आज... ऊन... बरं आहे," ती बातम्या वाचणाऱ्या बाईसारखी म्हणाली.

"आहे."

"ती होडी... पांढरी आहे."

"आहे."

"हे गुडघे माझे..." इथे ती थांबली. गुडघ्यांबद्दल तो शब्द न वापरता काय सांगता येतं, हे तिला सुचेना. डोळे मिटून, ओठ आवळून ती वीसएक पावलं चालली. समोरून येणाऱ्या एका आजोबांनी रेडिओ बारीक करून मला विचारलं, "बाईंना बरं वाटत नाही का?"

"व्रत आहे," मी म्हटलं.

ताय मेय तुक गावाच्या तोंडाशी टोफूवाली आहे. ऊन ऊन टोफू, वर आल्याचा पाक. आम्ही दर रविवारी तिच्याकडे बसतो. क्वान-जेनं पहिला चमचा घाईनं तोंडात घातला, जीभ पोळली, आणि गेल्या पाऊण तासाची सगळी थकबाकी एकदम बाहेर पडली. एकामागून एक, पाच-सहा तरी असतील. टोफूवालीनं मान वर केली नाही. तिच्या लेखी ती पाकाची तारीफ होती. "अजून घालू का आलं?" तिनं विचारलं.

क्वान-जेनं वाटी खाली ठेवली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. पोळल्याचं असेल असं मी धरून चालले.

"सुनेला सांगू?" ती म्हणाली.

"सांग."

"सांगितलं तर सोमवारपासून पोरगी शा तिनला. त्या माफ-करा-बाईंकडे."

"आणि नाही सांगितलंस तर?"

"नाही सांगितलं तर शनिवारी पोरगीच सांगेल. मुलाखतीत. हात आपटून." ती जराशी हसली, मग थांबली. "किती फल... किती चांगला आपटते ग. नेम बरोबर आहे तिचा. दुकान चाललं असतं तिचं."

धरणाच्या अलीकडे शेकोट्यांची जागा आहे. सिमेंटच्या चुली, भोवती दगडी बैठका. रविवारी तिथं अर्धं ताय पो कोंबडीचे पंख भाजत बसलेलं असतं. त्या धुरात आपली चौकडी होतीच. पंखांवर मध लावता लावता एकाचा हात भाजला आणि त्यानं इंग्रजीत देवाला सोडून सगळ्यांची आठवण काढली. आम्हाला पाहून त्यानं भाजलेला हात तोंडावर ठेवला.

क्वान-जे सरळ त्यांच्यापाशी गेली. मला वाटलं, झालं.

"उद्यापासून बाकांवर बसा," ती म्हणाली. "कार्यालयात मी बघते."

"काय सांगणार तिथं?" आ-यिननं विचारलं.

"सांगेन, पाटीनं भिंत घाण दिसते."

"बस? एवढंच?"

"मग काय, गळ्यात पाटी अडकवून फिरू? मोठी माणसं चूक सुधारतात. जाहीर करत नाहीत." हे तिनं इतक्या रुबाबात म्हटलं की पोरांनी माना डोलावल्या. "आणि तू जिन्यात बसून अभ्यास करू नकोस. डोळे जातील. माझ्या घरी ये, दुपारनंतर टेबल रिकामं असतं."

आ-यिननं काडीला टोचलेला एक पंख तिच्या हातात दिला. "धाकटीचं काय झालं? आमच्यामुळे तिला शा तिनला पाठवणार म्हणे."

"तुला कुणी सांगितलं?"

"रखवालदारानं. त्याला टायवाल्यानं. तुम्हीच सांगितलंत त्याला, अख्ख्या कार्यालयाला ऐकू जाईल असं."

क्वान-जेनं पंख खाल्ला. हाडं नीट साफ केली. 

"आम्ही मदत करू का?" गवतात पडलेला पोरगा म्हणाला. "ती खाली आली की आम्ही फक्त इंग्रजीतून बोलू. मुलाखतीची तयारी तरी होईल."

"तुझं इंग्रजी मी ऐकलंय," क्वान-जे म्हणाली. "आत्ताच. शेकोटीपाशी."

मग आम्ही दोघी धरणावर गेलो. वर नेहमीसारखा वारा होता. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला पिण्याचं पाणी, मधून आम्ही. इथे क्वान-जे गप्प असते, पण आज ती वाऱ्यावर मात करून बोलत होती.

"मी आज संध्याकाळी सांगणार पुई-शानला," ती म्हणाली. "ठरलं. पोरांवर आळ घेतला, ते बरं नाही. तिन हाऊला काय तोंड दाखवू? सांगणार, की बाई, मीच. पोरांचा दोष नाही. मी सुधारेन. पोरीला नेऊ नको."

"छान."

"छान काय? सांगताना तोच शब्द आला तर? मला माहीत आहे, येणार. 'पुई-शान, मला फार फलाणं वाईट वाटतंय' असं म्हणाले की संपलं. ती तिथल्या तिथं पोरीची पिशवी भरेल."

मला हसू आलं, ते मी वाऱ्याकडे तोंड करून घालवलं.

"मग सावकाश बोल. कमी बोल."

"ते करून पाहिलं ना आत्ता. तू बघितलंस. त्या शब्दाशिवाय माझं वाक्य उठतच नाही, पांगळं होतं. सुनेसमोर एक दिवस काढेन ग. पण पोरगी? तिच्याशी सहा दिवस मी असं बोलू? 'होडी पांढरी आहे'? तिला वाटेल आजी रागावली. परवा मी नुसतं दात दुखतो म्हणून तासभर गप्प होते, तर येऊन मांडीवर बसली आणि म्हणाली, आजी, मी काही केलं का?"

ती धरणाच्या कठड्याला टेकली. खाली पाण्यात एक मासा उसळला, आणि तिच्या तोंडाशी शब्द आलेला मला दिसला. तिनं तो गिळला. गिळताना मान हलली, गोळी गिळावी तशी.

"बोलायचं तर आहे," ती म्हणाली. "आणि जोर लावून बोलायचं आहे. माया करायची तर जोर लागतो. सुरा मारायचा तर जोर लागतो. नुसत्या सोज्वळ तोंडानं मासा तुटत नाही." मग माझ्याकडे वळली. नजर अशी, की दुकानावर शेवटचा पापलेट कुणाला द्यायचा हे ठरवताना ती जशी बघायची. "तुझी भाषा इथं कुणाला कळत नाही. ना पुई-शानला, ना शिकवणीच्या बाईंना, ना त्या बालवाडीवाल्यांना."

"क्वान-जे, नाही," मी म्हटलं.

"मी अजून काही बोललेच नाही."

"तरी नाही. मला येत नाहीत तसले शब्द."

"खोटं बोलू नकोस, धरणावर उभी आहेस. तुला येत नसतील, कबूल. तू सकाळ-संध्याकाळ दिवा लावणारी बाई. पण ऐकले तर असशील? तुमच्या गावी समुद्र आहे म्हणालीस. समुद्र आहे तर मासे आहेत, मासे आहेत तर ते तोडून विकणाऱ्या बायका आहेत." तिनं माझा हात धरला. तिच्या तळव्याला अजून सुऱ्याचे घट्टे आहेत. "सुरा खाली येताना त्या काय म्हणतात, तेवढं एकच मला शिकव. मी घोकते. शनिवारपर्यंत पोरीलाही येईल, आणि तिची आई फाईलमध्ये तिसरी भाषा म्हणून लिहील."